सांभाळणारा अचानक गेला तर मागे काय राहतं?

ग्रंथालयताई (चोपडा) | ४ डिसेंबर, रात्री ९:४०

मी चोपडा तालुक्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमचं ग्रंथालय कोहा नावाच्या फुकट, मोकळ्या सॉफ्टवेअरवर चालतं. ते आमच्याच एका माजी विद्यार्थ्यानं बसवून दिलं. त्याआधी विकतचं सॉफ्टवेअर होतं, डोंगल, म्हणजे किल्लीसारखा छोटा तुकडा, संगणकाला लावला तरच उघडायचं. एका मृगात वीज पडून संगणक गेला, डोंगलही गेलं, आणि फोन केला तर विकणाऱ्यांनी धंदाच बंद केलेला. डेटा आमच्या हातात होता, पण तो उघडायची किल्ली कुणाकडेच नव्हती. दोन उन्हाळे मुलांना घेऊन बसलो आणि अकरा हजार पुस्तकांची नोंद पुन्हा केली. या मुलानं ते बघितलं आणि म्हणाला, "ताई, आता असलं काही घ्यायचं नाही, ज्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहील."

दिवाळीनंतर आठ दिवसांनी तो गेला. बऱ्हाणपूर रोडवर, मोटरसायकलवर. अठ्ठावीस वर्षांचा होता.

सर्व्हर चालू आहे. पण मला कळलं की सगळं त्याच्या डोक्यात होतं. मागे एक दोनशे पानी वही आहे, त्याच्या अक्षरातली. "दर रविवारी हे बघणे" अशा सूचना आहेत, पासवर्ड आहेत. एका पानावर फक्त "मराठी शोध, आयसीयू" आणि एका फाइलचं नाव, त्याचा अर्थ मला लागत नाही. तो शब्द वाचून आधी मला दवाखानाच आठवला, वही मिटून ठेवली. शेवटी एका पानावर मथळा आहे "रिस्टोर". खाली पान कोरं.

विचारायचं असं, की असे अचानक प्रसंग मोठ्या सॉफ्टवेअरांवरही येतच असतील ना? मग त्यांचं पुढं काय होतं? मागे राहिलेले लोक काय करतात?

हिंजवडीतला_जळगावकर | ४ डिसेंबर, रात्री १०:१५

ताई, वाचून गलबलून आलं.

तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचं उदाहरण विमचं आहे. विम म्हणजे कोड लिहायचा एडिटर, मी रोज त्यातच काम करतो. ब्राम मूलेनार यांनी तो १९९१ पासून सांभाळला, जवळजवळ एकहाती. ३ ऑगस्ट २०२३ ला ते गेले, घरच्यांनी मेलिंग लिस्टवर कळवलं. पुढचे काही दिवस लोक फक्त आठवणी लिहीत होते. मग क्रिस्टियन ब्राबांट यांनी कामाची सूत्रं घेतली, कारण ते आधीपासून वर्षानुवर्षं त्या कोडमध्ये होते. जानेवारी २०२४ ला विम ९.१ आलं, ते ब्राम यांच्या स्मृतीला अर्पण केलेलं. विम उघडलं की युगांडातल्या मुलांना मदत करा अशी ओळ दिसते ना, ती त्यांनी घातलेली. अजून आहे.

म्हणजे कोड कुठंच गेला नव्हता. खरा प्रश्न होता तो घरात आधीपासून वावरणारं दुसरं माणूस आहे की नाही, हा.

सातपुडा_शहादा | ४ डिसेंबर, रात्री १०:२२

विनम्र श्रद्धांजली ताई. तुमच्या त्या विद्यार्थ्याला मी एकदा भेटलो होतो असं वाटतंय, लिनक्सच्या वर्कशॉपला. खूप मनापासून शिकवायचा.

पांझरेकाठी (धुळे) | ४ डिसेंबर, रात्री ११:०५

ताई, भलतं मनपासून लिखेल शे. आम्हना धुयाना कॉलेजमा बी असंच व्हयनं व्हतं, फक्त आम्हना माणूस पुण्याले गया, एवढाच फरक.

बाकी सर्वांसाठी मराठीत. कोहाचा जन्मच अशा प्रसंगातला आहे हे ताईंना माहीत असेल, इतरांना सांगतो. न्यूझीलंडमध्ये होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्ट नावाची छोटी संस्था. १९९९ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की जुनी प्रणाली २००० साल उजाडलं की चालणार नाही. नवीन घ्यायचं तर खर्च झेपणारा नव्हता. त्यांनी काटिपो नावाच्या स्थानिक कंपनीकडून स्वतःचं लिहून घेतलं, जानेवारी २००० मध्ये ते चालू झालं, आणि ते जगाला फुकट वापरायला मोकळं केलं. नाव ठेवलं कोहा. माओरी भाषेत त्याचा अर्थ भेट, पण अशी भेट की जी घेणाऱ्यानंही पुढं काही द्यावं. आपल्याकडे लग्नात आहेर लिहून ठेवतात आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की आठवणीनं परत करतात, तसंच काहीसं.

आणि अजून एक. कोहाच्या संकेतस्थळाच्या पत्त्यात "कोहा" पुढं आडवी रेघ देऊन "कम्युनिटी" का लिहितात? कारण नुसत्या कोहा नावाचा पत्ता एका अमेरिकी कंपनीच्या ताब्यात गेला होता. २०११ मध्ये तर न्यूझीलंडमध्येच त्या नावाचा ट्रेडमार्क दुसऱ्याच्या हातात जायची वेळ आली, तेव्हा त्या छोट्या ट्रस्टनं लढायला जगभरातून मदत मागितली. इतकी वर्षं झाली, ती रेघ पत्त्यात अजून आहे. लोक रोज टाइप करतात, तिची कथा माहीत नसते.

गिरणेचं_पाणी (चाळीसगाव) | ५ डिसेंबर, सकाळी ७:३०

ताईंच्या दुःखात सहभागी आहे. पण चर्चेचा मुद्दा आहे म्हणून माझं मत मांडतो. "प्रसंग घडला आणि सगळे शिकले" असं होत नाही.

२०१४ चं हार्टब्लीड बघा. ओपनएसएसएलमधली, म्हणजे इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या मोकळ्या कोडमधली चूक. तो बदल २०११ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री कोडमध्ये गेला आणि एप्रिल २०१४ पर्यंत कुणाच्या लक्षात आला नाही. तोवर जगातले अर्धेअधिक सुरक्षित व्यवहार याच कोडवर. आणि सांभाळायला? वर्षाला साधारण दोन हजार डॉलर देणगी आणि पूर्णवेळ एक माणूस. मग एकदम धावाधाव. लिनक्स फाउंडेशननं मोठ्या कंपन्यांकडून पैसा उभा केला, दोघांना पूर्णवेळ पगार मिळाला. सगळे म्हणाले, आता डोळे उघडले.

डिसेंबर २०२१ ला लॉगफोरजे, म्हणजे प्रोग्राममधल्या घडामोडींची नोंद ठेवणारा कोड. त्यातही मोठी चूक निघाली, पुन्हा तेच. जगभर वापरलं जाणारं, आणि मोकळ्या वेळात सांभाळणारी मोजकी माणसं. सात वर्षांत डोळे पुन्हा मिटले होते. ज्या घराला आग लागली तेवढंच घर पाण्याची टाकी बांधतं, शेजारचं नाही.

रावेरकर | ५ डिसेंबर, सकाळी ८:१०

भाऊ, शेजारी टाकी का बांधत नाही ते मी सांगतो. मी दिवसा केळी करतो, संध्याकाळी कोड लिहितो, दोन्हीकडचं बघतोय.

आमच्या आजोबांच्या वेळी बसराई, श्रीमंती असे वाण असायचे. आता रावेर-यावल पट्ट्यात बघाल तिकडे टिश्यू कल्चरचं ग्रँड नैन. घड मोठा, माल एकसारखा, व्यापारी तोच मागतो. पण रोप म्हणजे एकाच रोपाची नक्कल. सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला तेव्हा काय झालं ते इथल्या लोकांना माहीत आहे. पिवळे पट्टे दिसले की झाड उपटायचं, पुरायचं. मी स्वतः लागवडीच्या दुसऱ्या महिन्यात दीड एकर उपटली. उपटलेलं रोप हातात धरलं की जीव तुटतो.

ओपनएसएसएल तसंच झालं होतं. सगळ्यांच्या शेतात एकच वाण. म्हणून मला हार्टब्लीडचा खरा परिणाम पैसा वाटत नाही. ओपनबीएसडीच्या लोकांनी तोच कोड घेऊन लिब्रेएसएसएल काढलं, गूगलनं बोरिंगएसएसएल काढलं. ती आजही चालू आहेत. म्हणजे वाण वाढले. आणि हे करता आलं, कारण बियाणं मोकळं होतं.

गिरणेचं_पाणी | ५ डिसेंबर, सकाळी ८:४५

@रावेरकर, वाणाचा मुद्दा पटला. माणसांचा मुद्दा राहतोच.

पत्रिकावाला (जळगाव) | ५ डिसेंबर, दुपारी १:२०

थोडं वेगळं सांगतो, कारण आमच्या घरचं आहे. वडील पत्रिका करतात, मी त्यांच्यासाठी छोटा प्रोग्राम लिहिला. गेल्या वर्षी एक आजोबा आले, जन्म १९४३ चा, वेळ घड्याळाची सांगितली. वडील म्हणाले, "युद्धातली वेळ आहे, तास वजा कर." मी प्रोग्राममध्ये बघितलं, त्यानं आधीच केला होता.

मला कळेना, याला कुणी सांगितलं? शोधलं तर टाइमझोन डेटाबेस. आपल्या प्रत्येक फोनमध्ये, लिनक्समध्ये तो असतो. त्यात आशिया/कोलकाता नावाखाली लिहिलंय की सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ भारतातली घड्याळं एक तास पुढं होती. जगातल्या गावोगावची अशी नोंद आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकापासून जपलेली, कुणी पगार देत नव्हतं या कामाचा.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या एका ज्योतिष सॉफ्टवेअरच्या कंपनीनं, ॲस्ट्रोलेबनं, दावा ठोकला की यातली जुन्या वेळांची माहिती आमच्या ॲटलासमधून घेतली आहे. ऑक्टोबरमध्ये एक दिवस तो साठाच बंद झाला. जगाची घड्याळं ज्यावर चालतात तो! थोड्याच दिवसांत इंटरनेटच्या नावा-पत्त्यांची व्यवस्था बघणाऱ्या आयकॅन संस्थेनं, तिच्या आयाना विभागामार्फत, तो सांभाळायला घेतला. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीनं दावा मागे घेतला. पण साठा परत एका माणसाच्या भरवशावर गेला नाही, आयानाकडेच राहिला. गिरणेचं_पाणी, हा परिणाम टिकलाय बघा.

वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वेळ कुणाच्या मालकीची असते का?"

जंक्शन_भुसावळ | ५ डिसेंबर, दुपारी ३:००

मी रेल्वेत सिग्नल खात्यात होतो, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. ताई, वही सोडू नका. आमच्याकडे रिले रूममध्ये रजिस्टर असायचं. प्रत्येक बिघाड, वेळ, काय केलं, कुणी केलं, सही. नवीन पोरगा आला की आधी महिनाभर ते वाचायला लावायचो. माणसं बदलली, भुसावळ यार्ड बदललं, रजिस्टर चालू राहिलं.

कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं ते गिट म्हणजे तेच रजिस्टर ना? मुलगा सांगतो, त्याचाही जन्म अचानकच झाला.

हिंजवडीतला_जळगावकर | ५ डिसेंबर, दुपारी ३:४०

हो आप्पा, अगदी बरोबर. लिनक्सच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं, काम आधी बिटकीपर नावाच्या तशाच पण खासगी प्रणालीवर चालायचं, फुकट परवान्यावर. अँड्र्यू ट्रिजेल यांनी त्या प्रणालीशी बोलणारं मोकळं साधन लिहायला घेतलं, कंपनी बिथरली, २००५ मध्ये फुकट परवाना बंद. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गिट लिहायला घेतलं आणि काही दिवसांतच गिटचा कोड गिटमध्येच ठेवायला लागले. आज आपण सगळे त्यावर. ताईंची डोंगलची गोष्ट आणि ही गोष्ट एकच आहे.

सातपुडा_शहादा | ५ डिसेंबर, संध्याकाळी ६:१०

लेफ्ट-पॅड पण लिहा कुणीतरी. मार्च २०१६, अकरा ओळींचं पॅकेज. लेखकानं नावाच्या वादावरून चिडून आपली सगळी पॅकेजेस एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्टचे तयार तुकडे मिळतात त्या साठ्यावरून, काढली आणि जगभर त्यावर अवलंबून असलेले प्रोग्राम तयार होईनात. तेव्हापासून जुनं पॅकेज असं एकाएकी काढता येत नाही. हाही नियम टिकलाय.

आणि व्हिडिओ बघायचं व्हीएलसी! २०२२ मध्ये भारतात त्यांचं संकेतस्थळ बंद केलेलं, फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत. होस्टेलवर पोरं कुठून कुठून व्हीएलसी उतरवायची, दोघांच्या लॅपटॉपमध्ये भलतंच काहीतरी शिरलं. तेव्हापासून मी अधिकृत मिररची, म्हणजे तीच फाइल देणाऱ्या खात्रीच्या पत्त्यांची, यादी भिंतीवर चिकटवली.

पांझरेकाठी | ५ डिसेंबर, रात्री ९:५५

मला एक सांगायचंय, बरेच दिवस मनात आहे.

एक्सझेडचं सगळ्यांनी वाचलं असेल. फाइल लहान करणारं साधन, लासे कोलिन नावाचे गृहस्थ वर्षानुवर्षं मोकळ्या वेळात सांभाळत होते. २०२२ मध्ये त्यांच्यावर मेलिंग लिस्टवर तगादा लागला. अपडेट का नाही, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. त्यांनी लिहिलं होतं की मानसिक आरोग्याचा त्रास आहे, आणि हे बिनपगारी हौसेचं काम आहे. मदतीला "जिया तान" नावाचा कुणी आला होता, हळूहळू त्याच्या हाती सूत्रं गेली. २०२४ च्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा. तो सापडला कसा? पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अँड्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचनं, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षित शिरायच्या साधनानं, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. ते त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागले. २९ मार्च २०२४ ला त्यांनी जगाला सांगितलं.

सगळे त्या अर्ध्या सेकंदाचं कौतुक करतात, केलंच पाहिजे. मी मात्र तगादा लावणाऱ्यांची पत्रं वाचली. ती नावं बहुधा खोटीच होती, पण भाषा मला ओळखीची वाटली. कारण तीन वर्षांपूर्वी एका मराठी टंकलेखनाच्या साधनाच्या लेखकाला मी अगदी तसंच लिहिलं होतं. "सहा महिने झाले, लक्ष नसेल तर बंद करा." त्यांनी उत्तर दिलं नाही. एक्सझेडचं वाचल्यावर त्या रात्री मी त्यांना माफी मागणारं पत्र लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, वडील आजारी होते. आता मी त्यांच्याकडे आलेल्या तक्रारी वाचून, तपासून, गटवारी करून देतो. आठवड्याला दोन तास.

गिरणेचं_पाणी यांना एवढंच सांगतो. जग शिकलं की नाही मला ठाऊक नाही, मी शिकलो.

गिरणेचं_पाणी | ५ डिसेंबर, रात्री १०:३०

पांझरेकाठी, यावर माझ्याकडे उत्तर नाही. वाचून दोनदा परत वर गेलो. माझं म्हणणं मी अर्धं मागे घेतो.

हिंजवडीतला_जळगावकर | ६ डिसेंबर, सकाळी ९:००

आता मूळ प्रश्नाकडे येऊ या, गप्पांत ताईंचं राहून जाईल. ताई, बॅकअप कुठं जातोय?

ग्रंथालयताई | ६ डिसेंबर, दुपारी १२:१५

सगळ्यांचं वाचतेय. पांझरेकाठी भाऊंचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

वहीत लिहिलंय की कोहा रोज रात्री आपोआप दोन फाइली बनवतं. बघितलं, कालच्या तारखेच्याही आहेत. म्हणजे तो नसतानाही त्यानं लावलेलं काम चालूच आहे. पण त्या त्याच संगणकावर आहेत. दुसरा एक संगणक त्याच खोलीत आहे, तिथं दर तासाला सगळ्याची जशीच्या तशी नक्कल जाते. एवढं पुरेल ना?

जंक्शन_भुसावळ | ६ डिसेंबर, दुपारी १२:४०

नाही पुरणार ताई. एकच खोली, एकच वीज.

हिंजवडीतला_जळगावकर | ६ डिसेंबर, दुपारी १:३०

आप्पा म्हणतात ते खरं, आणि दर तासाच्या नकलेबद्दल केडीई या लिनक्सवरच्या मोकळ्या डेस्कटॉप प्रकल्पाचा अनुभव सांगतो. मार्च २०१३. त्यांची जवळजवळ दीड हजार गिट भांडारं एका सर्व्हरवर, आणि जगभर त्याच्या आरशासारख्या नकला. सर्व्हर अद्ययावत करून पुन्हा चालू केला आणि फाइल सिस्टिम बिघडली. आरशांनी काय केलं? बिघडलेलंच इमानदारीनं उतरवून घेतलं. एकामागून एक साफ. नशिबानं एका नव्याच सर्व्हरवर चांगली प्रत सापडली, नाहीतर सगळं पुन्हा गोळा करायला लागलं असतं. त्यानंतर त्यांनी नकला घ्यायची पद्धतच बदलली.

इकडचं पुसलं की तिकडचं लगेच पुसलं जातं, त्याला बॅकअप म्हणत नाहीत. आणि जो कधी परत उभा करून बघितला नाही, तो आहे की नाही ते कुणालाच माहीत नसतं. ते कोरं पान भरायला पाहिजे ताई.

रावेरकर | ६ डिसेंबर, दुपारी २:०५

चोपडा आमच्यापासून काही लांब नाही. रविवारी येतो, जुना लॅपटॉप आणतो, त्यावर डेबियन लिनक्स टाकून परत उभं करून बघू. पांझरेकाठी, येतोस का भो? भरिताची वांगी माझ्याकडून.

पांझरेकाठी | ६ डिसेंबर, दुपारी २:१०

येतो. कळण्याच्या पुऱ्या घरून घेऊन येतो. वांगी तुरीच्या काड्यांवरच भाजायची, गॅसवर भाजलेलं भरीत मी खात नाही.

पत्रिकावाला | ६ डिसेंबर, दुपारी २:१८

कपाशीच्या काड्या.

रावेरकर | ६ डिसेंबर, दुपारी २:२०

काड्या दोन्ही आणतो. आप्पा, तुम्हाला भुसावळहून घेऊ का गाडीत?

जंक्शन_भुसावळ | ६ डिसेंबर, दुपारी २:५०

घे बाबा. स्टेशनच्या बाहेर उभा राहतो.

ग्रंथालयताई | ९ डिसेंबर, रात्री ८:३०

काल काय झालं ते लिहिते, कारण पुढं कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

दोन फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, रावेरच्या भाऊंनी त्यांच्या लॅपटॉपवर डेबियन आणि कोहा बसवलं, रिस्टोरची आज्ञा दिली. वीस मिनिटांत आमचं ग्रंथालय त्या लॅपटॉपवर उभं राहिलं. सभासद आले, देवघेव आली, दंडसुद्धा आला. मी टाळ्या वाजवल्या. मग शोधून बघितलं. इंग्रजी नाव टाकलं, पुस्तक आलं. "शेती" टाकलं, शून्य. "बहिणाबाई" टाकलं, शून्य. अकरा हजारातली नऊ हजार पुस्तकं मराठी. नोंद उघडली तर दिसतात, शोधली तर सापडत नाहीत.

तास-दीड तास कुणाला काही सुचेना. आप्पा बाजूला बसून वही वाचत होते, पहिल्या पानापासून, एकेक ओळ. तेच म्हणाले, "हे आयसीयू काय आहे?"

पांझरेकाठी भाऊ ताडकन उठले. ते दवाखान्याचं नव्हतंच. देवनागरी अक्षरं नीट ओळखून अनुक्रमणिका बनवणाऱ्या साधनाचं नाव आयसीयू. कोहाचा शोध झेब्रा करतो, त्याला मूळची लॅटिन अक्षरांची सवय. त्या मुलानं एका फाइलमध्ये दोन ओळी बदलून मराठी चालू केलं होतं. पण ती फाइल सगळ्या कोहासाठी सामाईक ठिकाणी असते, म्हणून रोजच्या बॅकअपमध्ये येत नाही. नव्या संगणकावर ती मूळचीच राहिली. वहीतलं फाइलचं नाव बघून ओळी बदलल्या, झेब्राची अनुक्रमणिका पुन्हा बनवायला लावली. अकरा मिनिटं लागली. "बहिणाबाई" टाकलं. सहा पुस्तकं.

आता ती फाइलही रोज तिसऱ्या प्रतीत जाते. ती प्रत माझ्या घरी आहे. चौथी दर महिन्याला रावेरला जाईल.

संध्याकाळी शेतावर भरीत झालं. त्या मुलाचे वडीलही आले होते, मी बोलावलं होतं. त्यांना लॅपटॉपवर दाखवलं. त्यांनी विचारलं, यात त्याचं नाव कुठं आहे का? पांझरेकाठी भाऊंनी त्यांना कोहाच्या जुन्या चर्चेत नेलं. मराठी शोधाबद्दल त्यानं तिथं प्रश्न विचारला होता, आणि चार महिन्यांनी स्वतःच उत्तर लिहून ठेवलं होतं. खाली एका परदेशी ग्रंथपालानं लिहिलं होतं की माझ्या भाषेसाठीही हे चाललं, धन्यवाद. वडिलांनी ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलं.

रात्री घरी येऊन "रिस्टोर" पानावर सगळं लिहिलं. माझ्या अक्षरात. सात पायऱ्या झाल्या. खाली तारीख, आणि आप्पा म्हणाले तशी चौघांची सही.

जंक्शन_भुसावळ | ९ डिसेंबर, रात्री ८:५५

पुढची तपासणी मार्चच्या पहिल्या रविवारी. रजिस्टरला लिहून ठेवा ताई.